साखरेची गोडी व सॅकरिनची गोडी

उन्हाळ्याच्या दिवसांत शाळेच्या फाटकाशी बर्फाचे रंगीत गोळे विकणारी गाडी उभी राहते आणि मधल्या सुटीत मुले तिच्याभोवती जमतात. अशा स्वस्त पदार्थांत कधीकधी साखरेऐवजी सॅकरिन घातलेले असते. सॅकरिन हे विष आहे काय, असा प्रश्न मग पालक शिक्षकास विचारतात. ह्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. किती, आणि कोणाच्या पोटात, हे आधी पाहावे लागते.

सन १८७९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. रेमसन ह्यांच्या प्रयोगशाळेत, फालबर्ग नावाचे रसायनशास्त्रज्ञ दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करीत होते. सायंकाळी जेवताना त्यांस पाव विलक्षण गोड लागला. हातास चिकटलेल्या द्रव्याची ती गोडी होती. (वर्गात ही हकीकत सांगताना, हात न धुता जेवावयास बसणे ही चूकच होती, हेही अवश्य सांगावे, मुले नेमके तेवढेच उचलतात.) सॅकरिन साखरेच्या सुमारे ३०० पट गोड आहे. ते शरीरात पचत नाही. बहुतांशी जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते.

१९७७ मध्ये त्याच्यावर मोठे बालंट आले. कॅनडातील प्रयोगात नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. तथापि त्या उंदरांच्या खाद्यात शंभर भागांस पाच भाग सॅकरिन होते. इतके कोणी मनुष्य खात नाही. शिवाय उंदराच्या मूत्रात जे स्फटिक साचून मूत्राशयास इजा होते, तसे मनुष्यात घडत नाही, असे पुढे दिसून आले. म्हणून २००० साली अमेरिकेने सॅकरिनचे नाव कर्करोगकारक द्रव्यांच्या यादीतून काढले.

ह्याचा अर्थ हवे तितके खावे, असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना ह्यांच्या तज्ज्ञ समितीने दर किलो वजनास दररोज ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. हे गणित मुलांकडूनच करवून घ्यावे. ६० किलो वजनाच्या प्रौढास ३०० मिलिग्रॅम. २० किलोच्या बालकास केवळ १००. एवढ्या सॅकरिनची गोडी सुमारे ३० ग्रॅम साखरेइतकी होते, म्हणजे सरबताचे दोन पेले. ही मर्यादा आयुष्यभराच्या रोजच्या सेवनासाठी आहे. एखादे दिवशी ती ओलांडल्याने विषबाधा होत नाही. परंतु गोळेवाल्याजवळ मिलिग्रॅम मोजणारा तराजू नसतो. तो चिमटीने घालतो, आणि त्याचे गिऱ्हाईक बहुधा लहान वजनाचे असते.

ॲस्पार्टेमचा शोध १९६५ चा. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यास ‘संभवतः कर्करोगकारक’ ह्या वर्गात घातले, कारण पुरावा मर्यादित होता. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने दर किलोस ४० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम ठेवली. मात्र फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ते वर्ज्यच करावे.

मधुमेही गृहस्थाने चहात साखरेऐवजी गोळी टाकली, तर त्यात वावगे काही नाही. वजन घटविण्यासाठी मात्र ही द्रव्ये वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांस तो लागू नाही. वाढत्या वयाच्या निरोगी बालकास ह्या द्रव्यांपासून पोषण काहीच मिळत नाही.

शिक्षकांनी मुलांस सरबते व शीतपेये ह्यांची रिकामी वेष्टने आणावयास सांगावे व त्यांवरील घटकांची यादी वर्गात वाचून घ्यावी. पुष्कळदा नावाऐवजी अंकच छापलेले असतात: ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम, ९५४ म्हणजे सॅकरिन, ९५५ म्हणजे सुक्रालोज. हे तीन अंक फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर लिहून ठेवावेत.