कागद आधी, गादी मग

जर्मनीचा व्हिसा आला म्हणून पेढे वाटलेस, छान केलंस. पण घर अजून मिळायचंय, आणि ते व्हिसापेक्षा अवघड. माझा मुलगा स्टुटगार्टला गेला तेव्हा कंपनीनं त्याला एकच महिना राहायला खोली दिली होती. त्या महिन्यात त्यानं एकवीस घरं पाहिली, बाविसावं मिळालं. पुढे मी तीन महिने तिथे राहून आले. भाषा येत नव्हती, पण कान उघडे होते. शिवाय इथे खडकवासल्यात वरच्या दोन खोल्या मी भाड्यानं देते, त्यामुळे घरमालकाच्या मनात काय चालतं तेही मला ठाऊक आहे. तुझ्या बापाला यातलं काही सांगता यायचं नाही, म्हणून आत्याचं ऐक.

आपल्याकडे कुणी 'अमक्यांच्या ओळखीनं आलोय' म्हणाला की मी निम्मी विरघळते. तिथे ओळख म्हणजे कागद. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार, असतील तर शेवटच्या तीन पगारपावत्या, आणि स्वतःबद्दल पानभर पत्र, हे सगळं जोडून एकच पीडीएफ कर. मोबाइलवर वाकडेतिकडे काढलेले अकरा फोटो पाठवू नकोस. तसे आले तर मीही उघडत नाही, आणि मला तर दिवसाला एखादाच मेसेज येतो. तिथल्या घरमालकांना शंभर येतात.

ते 'शुफा' मागतील. शुफा म्हणजे आपल्या सिबिलसारखं, उधारी वेळेवर फेडतोस की नाही याचं प्रगतिपुस्तक. नवख्याकडे ते कुठून असणार? म्हणून ते मागायची वाट बघत बसू नकोस. पत्रातच लिही की नुकताच आलोय, म्हणून शुफा नाही, त्याऐवजी कामाचा करार जोडलाय. विचारल्यावर सांगितलं की सबब वाटते, आधीच सांगितलं की माणूस सरळ वाटतो.

घर न बघता कुणालाही पैसे पाठवायचे नाहीत. 'मी परदेशात आहे, डिपॉझिट भर, चावी कुरिअरनं येईल' असं म्हणणारा घरमालक नसतोच.

आता एजंट. आपल्या पुण्यात तो तुझ्याकडून एक महिन्याचं भाडं घेतो आणि मालकाकडूनही घेतो. जर्मनीत १ जून २०१५ पासून कायदा आहे: भाड्याच्या घरासाठी ज्यानं एजंट नेमला त्यानंच त्याचे पैसे द्यायचे. मालकानं नेमलेला एजंट तुझ्याकडे 'फाइलची फी' मागायला लागला, तर भांडू नकोस. एवढंच म्हण, 'हे जरा ई-मेलवर लिहून द्याल का?' बहुतेकांची फी तिथेच विरते.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकं घेता येतं. हसू नकोस, तिथे भाड्यालाही थंड आणि गरम असतं. थंड म्हणजे नुसत्या जागेचं. गरम म्हणजे त्यात हीटर, पाणी, जिन्याची सफाई, कचरा मिळवलेलं. जाहिरातीत थंड आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि खिसा गरम आकड्यानं रिकामा होतो. हे वरचे पैसे बहुधा अंदाजानं घेतात आणि वर्षाचा हिशेब मागाहून येतो, कधी कधी चांगला वर्षभरानं. थोडी रक्कम बाजूला ठेव. आणि डिपॉझिट तीन हप्त्यांत भरायचा तुला कायद्यानं हक्क आहे. माझ्या लेकाला हे माहीत नव्हतं. त्यानं सगळं एकरकमी भरलं आणि पगार होईपर्यंत खिचडीवर दिवस काढले.

घर बघताना स्वयंपाकघरात जा आणि ओटा आहे का बघ. चेष्टा नाही करत. पुष्कळ घरांत सिंकसुद्धा नसतं, भिंतीतून नुसते दोन नळ डोकावत असतात. आधीचा भाडेकरू आपला ओटा-कपाटं विकायला काढतो. घासाघीस कर.

करार अकरा महिन्यांचा शोधत बसू नकोस. तिथे बहुतेक कराराला शेवटची तारीख नसते. घर सोडायचं तर तीन महिने आधी कळवायचं, तेही कागदावर सही करून. ई-मेल चालत नाही. मात्र 'पहिली दोन वर्षं सोडणार नाही' असं कलम कुठे दडलंय का, ते सहीआधी शोध.

आणि आता माझ्या हक्काचा विषय. मी इथल्या पाण्याच्या रिसर्च स्टेशनात नोकरी केली. ते १९१६ सालचं, तिथे नद्यांच्या, बंदरांच्या मोठमोठ्या प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडतात. आम्ही पातळी मोजायचो. साहेबांचा एकच हेका असायचा: आकडा पट्टीसमोर उभं राहून लिहायचा, टेबलावर येऊन आठवून नाही. घराचा ताबा घेशील त्या दिवशी तसंच कर. ताब्याचा एक कागद भरतात. त्यात प्रत्येक चरा, प्रत्येक डाग, मीटरचे आकडे, चाव्या किती, सगळं लिहवून घे. एजन्सीची बाई घड्याळ बघेल, बघू दे. लेकानं टबावरच्या चिरेचा फोटो काढला होता, पण कागदावर चीर लिहिली नाही. घर सोडताना तिचेच पैसे कापले. सहा महिने पत्रं लिहून निम्मे परत मिळाले. पुढच्या घराच्या वेळी तो भाडेकरूंच्या संघटनेचा सभासद झाला. वर्षाची वर्गणी भरली की त्यांचे वकील सल्ला देतात. तू आधीच हो. आणि चावी हरवू नकोस, कारण एका चावीपायी अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च गळ्यात पडू शकतो.

कागदांचं माझं वेड आईकडून आलंय. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, मग आपलं खडकवासलाही. मी सहा वर्षांची होते, आम्ही पुण्यात नदीकडच्या वाड्यात भाड्यानं राहायचो. आईनं एका कडेवर मला घेतलं आणि दुसऱ्या हातात भाडेपावत्यांचा पत्र्याचा डबा. तांदूळ राहिले म्हणून वडील चिडले होते. वाडा पडल्यावर कचेरीत 'तुम्ही तिथे राहत होता कशावरून?' असं विचारलं, तेव्हा गप्प बसले.

तसाच प्रश्न तुलाही विचारतील. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी मालकाच्या सहीचा कागद लागतो, 'हा इथे राहायला आला' एवढाच. त्याचं नाव मालगाडीएवढं आहे: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. पाठ नको करूस, लिहून ने. चावी घेतानाच तो माग, नंतर मालक सुट्टीवर जातात.

पत्ता नोंदवला की टॅक्सचा नंबर पोस्टानं येतो. लेकाचं पत्र दोनदा परत गेलं, कारण पत्रपेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, आणि तिथला पोस्टमन फ्लॅट नंबर नाही, नाव बघतो. पहिल्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव लाव, पासपोर्टवर आहे अगदी तसंच. चिकटपट्टी आणि जाड पेन तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात घातलंय.