शोकाचे व्रत
इंद्रायणी आळंदीहून तुळापुरी भीमेस मिळते. ती भीमा शिरूर-दौंडमधून पंढरीस जाते. तिच्याच काठी, दौंडनजीक पेडगावच्या बहादूरगडात, १६८९ साली शंभुराजांची विटंबना झाली. फाल्गुन अमावास्येस, ११ मार्चला, वध झाला. समाधी शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला आहे.

तोवर लढाईचा हुकूम राजाकडून येई. आता रायगड पडला, राजाराममहाराज दूर जिंजीस गेले. तरी संताजी-धनाजी लढले, पुढे ताराराणी लढल्या. वतनाचा लोभही होता, नाही कोण म्हणतो? पण युद्ध आता घर राखण्याचे व्रत झाले. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरापाशी निवर्तला, राज्य उरले.

बाबांनो, आम्ही कीर्तनात हेच सांगतो: सूड पेटतो नि विझतो, व्रत अठरा वर्षे टिकते. मात्र व्रताला उद्यापन असते. राखण झाली, की शस्त्र खाली ठेवावे.