उपचारानंतरची पाच वर्षे : ग्रामीण कर्करुग्णांच्या पाठपुराव्याचा विचार

घरात कर्करोगाचे निदान झाले की सारे घर हादरते आणि मग कामाला लागते. अंगावरचे सोने मोडले जाते, दावणीची गाय विकली जाते, मेहुणे-जावई रजा काढून मुंबई-सोलापूरच्या फेऱ्या मारतात. शस्त्रक्रिया होते, किरणोपचार पूर्ण होतात आणि माणूस गावी परत येतो. दुखणे संपले अशी सर्वांची समजूत होते. वास्तविक त्या दिवसापासून दुसरे काम सुरू झालेले असते. रुग्णालयात त्याला ‘फॉलोअप’ म्हणतात, आपण पाठपुरावा म्हणू. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या खेड्यापाड्यांत नेहमी आढळतो. हे रोग उलटतात ते बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. म्हणून डॉक्टर साधारणपणे पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा बोलावतात. रोगाप्रमाणे यात फरक पडतो. बेरीज केली तर पाच वर्षांत चौदा फेऱ्या होतात. एका फेरीला रुग्णाचे दोन दिवस आणि सोबत्याचे दोन दिवस धरले, तर एकूण छप्पन्न दिवसांचा रोजगार बुडतो. शिवाय प्रवासखर्च, जेवणखाण आणि तपासण्यांचे पैसे वेगळे.

हा हिशेब मांडण्याचे कारण असे की, ‘खेड्यातले लोक अडाणी, पुन्हा दाखवायला येतच नाहीत’ असे वाक्य आपण शहरात सर्रास ऐकतो. मला ते पटत नाही. बीड, धाराशिवकडचे कुटुंब दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते, उचल आधीच घेतलेली असते आणि तपासणीची तारीख येते ऐन हंगामात. मुकादमाला काय सांगायचे? बाईमाणसाच्या बाबतीत तर सोबत कोण जाणार इथेच घोडे अडते. त्यात अंगाला बरे वाटत असते. आणि मनाच्या तळाशी भीतीही असते, ‘तपासलं आणि काही निघालं तर?’

पाठपुरावा म्हणजे केवळ रोग उलटला की नाही हे पाहणे नव्हे. उपचारांनी रोग जातो, पण शरीरावर आपली खूण ठेवून जातो. तोंडाला व गळ्याला किरणोपचार घेतलेल्या माणसाचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. जबड्याचा व्यायाम रोज केला नाही तर पुढे भाकरीचा घास जाणेही कठीण होते. लाळ आटते, त्यामुळे दात लवकर किडतात. असा दात दुखू लागला की माणूस तालुक्याला जाऊन तो काढून घेतो, आणि किरणोपचार झाल्याचे सांगायचे राहून जाते. अशा जबड्यातील जखम भरत नाही, हाड कुजू शकते, आणि हा धोका कित्येक वर्षांनंतरही असतो. म्हणून दाताला हात लावू देण्यापूर्वी ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. मानेला किरण दिलेल्यांची थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते. मरगळ, वजन वाढणे, थंडी सोसवेनाशी होणे यांकडे ‘अशक्तपणा’ म्हणून दुर्लक्ष होते, पण रक्ताच्या एका तपासणीत ते कळते.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढलेल्या स्त्रीचा हात सुजू शकतो. कापूस वेचताना, ऊस तोडताना त्या हाताला ओरखडा बसू नये म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालावा. हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. यांपैकी काही स्त्रियांना रोजची एक गोळी पाच वर्षे, कधी दहा वर्षेही घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने बंद करता येत नाही. गर्भाशयमुखाच्या किरणोपचारानंतर लघवीतून वा शौचावाटे रक्त जाणे, पती-पत्नी संबंधात त्रास होणे हेही घडते. हे कोणी विचारत नाही म्हणून बाई सांगत नाही. तिथे विचारणारी बाईच हवी.

हे काम खेड्यात होऊ शकते काय? बार्शीचे उदाहरण पाहावे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम या तीन तालुक्यांच्या ३४६ गावांत १९८७ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली. देशातील ही पहिली ग्रामीण नोंदणी. शहरातील नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांची दप्तरे पाहत, पण खेड्यातला रुग्ण रुग्णालयात पोचतच नसेल तर दप्तरात काय सापडणार? म्हणून इथले कार्यकर्ते गावोगाव फिरले, बैठका घेतल्या, घरोघर जाऊन रुग्णांची विचारपूस केली. पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या. यंत्रे तीच होती. फरक पडला तो दारात येणाऱ्या माणसामुळे, असे माझे मत आहे.

आमच्या बँकेत कर्जाचा हप्ता चुकला की ठरल्या दिवशी नोटीस जाते. तपासणीची तारीख चुकलेल्या माणसाला मात्र कोणी पत्र पाठवीत नाही. संस्थेच्या प्रत्येक शाखेने एक साधी वही घातली तरी हे काम सुरू होईल. वहीत रुग्णाचे नाव, रुग्णालय, फाईल क्रमांक, पुढील तारीख आणि सोबत कोण जाणार एवढे रकाने पुरेत. त्यासाठी रुग्णाची परवानगी घ्यावी आणि वही चारचौघांत उघडू नये. लेकीच्या सोयरिकीत आईचा आजार आडवा आल्याची उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेत. तारखेच्या आठ दिवस आधी घरी जावे. हंगामाला जाणाऱ्यांची तारीख आधीच रुग्णालयात बोलून मागेपुढे करून घेता येते का पाहावे. गावच्या आशाताईंना यात जरूर घ्यावे.

विद्यार्थ्यांसाठीही काम आहे. रुग्णालयाचे कागद इंग्रजीत असतात. बायोप्सीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि किरणोपचाराचा तपशील यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. गळक्या छपराखाली किंवा दिवाळीच्या आवराआवरीत हे कागद नाहीसे झाले, तर नव्या डॉक्टरला मागचे काही कळत नाही.

प्रवासाविषयी थोडे. उपचारासाठी तसेच नंतरच्या तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर व थ्री-टियर एसीचे तिकीट पूर्ण सवलतीत मिळते, आणि सोबतच्या एकाला या वर्गांत ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. तो फेरी संपतानाच पुढच्या फेरीसाठी मागून घ्यावा. मुंबईत टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. मात्र प्रत्येक तपासणीला मुंबई गाठणे आवश्यकच असते असे नाही. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही कर्करोगाची रुग्णालये आहेत. ‘मधल्या तपासण्या जवळ करून चालतील काय?’ हा प्रश्न मुंबईच्या डॉक्टरांना विचारावा, आणि उत्तर फाईलवर लिहून घ्यावे.