खिन्नतेचे निदान आणि औषधाची मात्रा

खिन्नता हा एकच विकार आहे, की वरवर सारखे दिसणारे अनेक विकार या एका नावाखाली मोडतात, हा मानसोपचारशास्त्रातील जुना प्रश्न आहे. काही रुग्णांत चिंता व अस्वस्थता प्रबळ असते, पण वास्तवाचे भान कायम असते. या अवस्थेस पूर्वी मज्जाविकृतीजन्य खिन्नता म्हणत. काहींच्या हालचाली मंदावतात, आपल्या हातून घोर पाप घडले आहे अशा भ्रमाने ते ग्रासले जातात. ही चित्तविकृतीजन्य खिन्नता होय. दोहोंचे उपचार भिन्न असल्याने त्यांतील भेद ओळखणे अगत्याचे ठरते.

हा भेद शरीराच्या मोजमापावरून ठरविता येईल काय, याचा शोध कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. चार्ल्स शागास यांनी घेतला. १९५४ मध्ये त्यांनी ‘शामक-सीमा’ मोजण्याची पद्धत मांडली. रुग्णाच्या शिरेतून सोडियम अमायटल हे शामक औषध दर ४० सेकंदांना, शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे अर्धा मिलिग्रॅम या प्रमाणात दिले जाई. त्याच वेळी मेंदूच्या विद्युत् लहरींचा आलेख घेतला जाई. वाणी अडखळू लागण्याच्या सुमारास आलेखातील जलद लहरींची वाढ मंदावे. तोपर्यंत दिलेली मात्रा म्हणजे त्या रुग्णाची शामक-सीमा. मज्जाविकृतीजन्य खिन्नतेत ही सीमा उच्च, तर चित्तविकृतीजन्य खिन्नतेत कमी आढळते, असे शागास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्याचे मन अधिक ताणलेले, त्याला शांत करण्यास औषधही अधिक लागते, अशी त्यामागील उपपत्ती होती.

तथापि ब्रिटनमधील काही संशोधकांना हे निष्कर्ष पडताळून पाहता आले नाहीत. वाणी नेमकी केव्हा अडखळली, हे निरीक्षकाच्या अंदाजावर अवलंबून राही. शिवाय मद्याची वा झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्यास औषध मुळातच अधिक लागते. ही पद्धत हळूहळू मागे पडली. पुढे १९८१ मध्ये डॉ. बर्नार्ड कॅरोल यांनी डेक्सामेथासोन या औषधावर आधारित रक्तचाचणी पुढे आणली. परंतु वजन घटल्याने वा अन्य आजारांमुळेही तिचा निष्कर्ष बदलतो, असे दिसून आले.

आजही खिन्नतेचे निदान मुख्यत्वे रुग्णाशी सविस्तर बोलून व कुटुंबीयांकडून माहिती घेऊनच केले जाते. रक्ततपासणी केली जाते ती थायरॉइडसारखे अन्य विकार वगळण्यासाठी. म्हणून ‘तपासणीत काहीच निघाले नाही’ या कारणावरून रुग्णाचे दुःख खोटे मानणे सर्वस्वी चुकीचे आहे. आलेखावर उमटत नसला, तरी आजार खराच असतो आणि उपचारांनी तो आटोक्यात येऊ शकतो. अशा रुग्णास वेळीच डॉक्टरांकडे नेणे हे कुटुंबाचे कर्तव्य होय. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.