सचिन

मुंबईच्या वांद्रे उपनगरात ‘साहित्य सहवास’ ही लेखकांची वसाहत आहे. तेथे राहणारे मराठीचे प्राध्यापक व कवी रमेश तेंडुलकर यांना संगीतकार सचिन देव बर्मन यांची गाणी फार प्रिय. १९७३ साली जन्मलेल्या आपल्या धाकट्या मुलास त्यांनी तेच नाव दिले.

हे नाव मूळचे बंगालमधील ‘शचीन’. ‘शचीन्द्र’ या नावाचा तो संक्षेप होय. ‘शची’ म्हणजे वेदांत सामर्थ्य. पुढे पुराणांत तीच इंद्राची पत्नी झाली आणि तिचा स्वामी तो शचीन्द्र. मराठीत येताना ‘श’चा ‘स’ झाला, ‘ची’ ऱ्हस्व झाली. व्याकरणकार यास अपभ्रंश म्हणतील. पण उच्चारास ते सोपे झाले, हे खरे.

संगीतकाराचे नाव धारण करणाऱ्या त्या मुलाने हाती घेतली ती मात्र बॅट. १९८९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, कराचीस तो पहिला कसोटी सामना खेळला. त्यानंतर कित्येक घरांतील बारशांना पाळण्यातील बाळाच्या कानात हेच नाव सांगितले गेले. ते सांगणाऱ्या आत्यांना शची ठाऊक असेलच असे नाही. २०१३ साली वानखेडे मैदानावर तो अखेरचा सामना खेळला, तेव्हा सारे प्रेक्षागार त्या तीन अक्षरांचाच घोष करीत होते.