वेल्ह्याच्या उतारावर परसबाग आणि माशांचे तळे

परसबागेला जोडून माशांचे तळे केले की एकच पाणी दोनदा कामाला येते. माशांच्या विष्ठेमुळे तळ्यात नत्र उतरते, ते पाणी वाफ्यांना दिले की खताचा बराचसा भार हलका होतो. भाताचा कोंडा आणि कोवळा पाला उलट माशांच्या पोटात जातो. बंगालमध्ये घरामागच्या पुकुराच्या, म्हणजे तळ्याच्या, काठाने केळी आणि भाज्या लावण्याची रीत जुनी आहे. वेल्हे तालुक्यातही (सरकारदरबारी आता राजगड तालुका) ही जोडी जमते, पण इथले गणित दौंड-इंदापूरच्या नेमके उलटे आहे. तिकडे तळे म्हणजे थेंब न् थेंब अडवायची जागा. इकडे आधी पाण्याला बाहेर जायची वाट काढावी लागते, साठवायचे नंतर बघता येते. तळी खणून देणारे ठेकेदार मात्र बहुधा तिकडचाच नकाशा खिशात घालून येतात. प्रस्तुत लेखकाला हे साठ हजार रुपये मोजून कळले.

तोरणा आणि राजगड यांच्या पायथ्याची जमीन उताराची. वर पातळ तांबूस माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पावसाळ्यात कानंदी आणि गुंजवणी दुथडी वाहतात, आणि त्याच खोऱ्यांतल्या वाड्यावस्त्यांवर एप्रिल-मे महिन्यांत हंडा घेऊन लांब जावे लागते, कारण मुरमात पाणी ठरत नाही.

तळ्याची जागा ठरवण्याआधी वरच्या अंगाला किती उतार मोकळा आहे ते मोजावे. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० हजार लिटर पाणी होते. आषाढात या भागात एका दिवसात एवढा पाऊस होणे नवलाचे नाही. तळे वरच्या काठाला ८ बाय ६ मीटर, बाजूंना एकास एक उतार आणि खोली दीड मीटर असे खणले, तर त्यात सुमारे ४५ हजार लिटर मावतात. वर दहा गुंठे मोकळे असतील तर त्या एका दिवसात तिथे लाख लिटर पडतात, आणि त्यातले निम्मे मुरले तरी रिकामे तळे भरून सांडते. आधीच भरलेल्या तळ्याचे काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. ठेकेदाराला ते पटवता आले नाही. त्याने बांधात तीन इंची पाइप बसवला, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि “साहेब, एवढं पाणी येतंय कुठून?” असे म्हणून उरलेले पैसे मागितले. जागा पाहायला तो मार्चमध्ये आला होता.

पहिल्या वर्षी मासे ऑगस्टअखेर सोडले, तेव्हा पावसाचा मुख्य मारा होऊन गेला होता. दुसऱ्या वर्षी जुलैत तीन दिवस झड लागली. तिसऱ्या सकाळी पाइपाच्या तोंडावर ऐनाची आणि सागाची पाने थापलेल्या गोवरीसारखी घट्ट बसलेली होती, आणि पाणी हातभर रुंदीने बांधावरून खालच्या भातखाचरात उतरत होते. तळे काठोकाठ आणि गढूळ. मासे दिसत नव्हते, पण गढूळ पाण्यात ते एरवीही दिसत नाहीत. उलगडा संध्याकाळी झाला. खालच्या शेजाऱ्यांकडून ताटलीने झाकलेली वाटी आली, सोबत निरोप: “यंदा चढणीचं मासं लई घावलं.” पहिल्या पावसाच्या लोंढ्यात ओढ्याने उलट वर चढणारे मासे धरायची या खोऱ्यांत जुनी रीत आहे, पण चढण जूनमध्ये होते, जुलै निम्मा सरल्यावर नाही. शिवाय त्यात बहुतेक सापडतो तो बोटाएवढा बारका मासा. वाटीत होता तो पाव किलोच्या माशाचा मधला तुकडा, कातडीवर नखाएवढ्या खवल्यांचे ठसे असलेला. रोहू होता. रस्सा उत्तम होता, हेही नोंदवणे भाग आहे.

दुसऱ्या दिवशी विचारल्यावर उत्तर मिळाले की खाचरात आलेला मासा खाचरवाल्याचा. वाहत्या पाण्यातल्या माशावर कुणाचे नाव लिहिलेले नसते, हा मुद्दा खोडता येत नाही. पण आदले वर्षभर काठावर बसून “केवढं झालं?” अशी चौकशी करणाऱ्या माणसाला हे मासे कुठून आले ते उमगले नाही, यावर विश्वास ठेवणे जड जाते.

दोष पाण्याच्या लोंढ्याचा तितकाच माशांच्या स्वभावाचा. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नद्यांतले मासे. पूर आला की त्यांना ओढ लागते, वाहते पाणी जाणवले की ते त्या दिशेने जमा होतात. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियुष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून त्यांचे बीज हुकमी मिळू लागले.

यावरचा उपाय तळ्यात नाही, तळ्याच्या वर आहे. वरच्या अंगाला दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल चर आडवा काढून उताराचे पाणी तळ्याला वळसा घालून ओढ्याला सोडावे. तळ्यात फक्त आभाळातून पडेल ते आणि मोरीवर फळी ठेवून आपण घेऊ ते पाणी यावे. हाच चर वरच्या खाचरांतली फवारणीची औषधेही बाहेर ठेवतो. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांना फार थोड्या मात्रेतही मारतात. सांडवा पाइपाचा करू नये. बांधाच्या माथ्यापासून फूटभर खाली, दोन फूट रुंद, दगडांनी बांधलेला उघडा सांडवा ठेवावा. त्याच्या तोंडाशी पाने अडवायला अर्धा इंची तारेची जाळी तिरपी लावावी आणि तिच्या मागे हातभर अंतरावर मासे अडवणारी बारीक जाळी. एकच बारीक जाळी लावली तर ती तुंबते, मग पाणी आपली वाट आपण शोधते.

मुरमात अस्तराशिवाय पाणी टिकत नाही, म्हणून ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घालतात. कडा काठाभोवतीच्या चरात गाडून माती दाबावी. कागदाखालचे टोकदार दगड वेचून वर चाळलेली माती पसरली नाही तर पहिल्याच उन्हाळ्यात भोके पडतात. दुसरा शत्रू खेकडा. २०१९ साली चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले तेव्हा खेकड्यांवर ठेवलेला ठपका महाराष्ट्रभर चेष्टेचा विषय झाला. धरणाचे काय ते असो, पण हात-दीड हात जाडीच्या मातीच्या बांधाला खेकड्याची दोन बिळे पुरेशी होतात. अस्तराच्या तळ्याला कुंपण घालावे आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडावेत. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. आत पडलेले मूल किंवा वासरू आपले आपण वर येऊ शकत नाही.

माशांची संख्या तळ्याच्या तोंडावरून ठरते. हवा खेळवायचे यंत्र नसेल तर चौरस मीटरला एक मासा पुरे. वर सांगितलेल्या तळ्याला पन्नास: वरच्या थरात चरणारे कटला वीस, मधल्या थरातले रोहू पंधरा, तळाशी राहणारे मृगळ पंधरा. बीजविक्रेत्याने पाचशे दिले. “निम्मी मरतातच,” हा त्याचा हिशेब. निम्मी मेली नाहीत. सगळी जगली आणि सगळी खुरटली, हे अधिक वाईट. शिवाय त्या पिशवीत चिलापीची पिल्ले मिसळलेली होती. चिलापी तीन महिन्यांची झाली की वीण घालू लागते, आणि मग तळे तिचे होते. बोटुकल्या घेताना पांढऱ्या घमेल्यात ओतून एकेक पाहाव्यात. उभे पट्टे आणि काटेरी पाठ दिसली तर पैसे न देता परत यावे. थाई मांगूर भारतात २००० सालापासून बंदी असलेला मासा आहे. कुणी “देशी मांगूर” म्हणून चढा भाव सांगितला तरी घेऊ नये.

बीज बाजारात येते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमके तळे सांडायच्या दिवसांत. तेव्हा आणलेले बीज तळ्यातच हाप्यात, म्हणजे जाळ्याच्या चौकोनी पिंजऱ्यात, ठेवून घटस्थापनेच्या सुमारास मोकळे सोडणे हिताचे. पिशवी उघडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी.

खाद्य म्हणून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समभाग भिजवून द्यावी. थंडीत या खोऱ्यात रात्री पारा बराच उतरतो, मासे खात नाहीत. तेव्हा टाकलेले खाद्य तळाशी कुजते. ताजे शेणही ओतू नये. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, आणि ढगाळ, वारा पडलेल्या दिवसानंतर पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड काढून उघडझाप करू लागतात. अशा वेळी बादलीने पाणी उंचावरून ओतत राहणे हा गरिबाचा पण खरा उपाय आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत सहसा नसते. सावलीसाठी तळ्यावर फांद्या टाकायच्या झाल्यास त्यांत रामेठा नाही ना, ते पाहावे. पिवळ्या फुलांचे हे झुडूप इथल्या डोंगरउतारांवर भरपूर आहे, आणि त्याचा पाला-साल पूर्वीपासून मासे गुंगवून धरायला वापरतात. गेळाचे फळही तसेच. गड्याने रामेठ्याचा भारा आणला होता. पाण्यात पडण्याआधी एका आजींनी तो पाहिला, एवढ्यावर निभावले.

बागेची सुरुवात पावसाळ्यात करू नये, असा सल्ला सगळेच देतात आणि कुणीच पाळत नाही. वाफे जमिनीपासून हातभर उंच, गादीवाफेच हवेत. सपाट वाफ्यात मुळे आठवड्यात सडतात. पावसाने धुपलेली ही माती आम्लधर्मी असते, म्हणून मे महिन्यात चौरस मीटरला मूठभर चुना मिसळावा. हळद आणि आले अक्षय्य तृतीयेनंतर लावावे. दोडका, काकडी, पडवळ, घेवडा यांना मांडव द्यावा. सांडव्याच्या खालच्या ओलीत अळू लावावे, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. पपईचे बुंधे पाणी साचले की जमिनीलगत कुजतात. शेवगाही तुंबलेल्या जमिनीत तग धरत नाही. दोन्ही बांधाच्या माथ्यावर लावावेत. टोमॅटो-मिरची नवरात्रानंतर, नाहीतर करपा ठरलेला. सुरण आणि रताळी लावणे म्हणजे रानडुकरांना आमंत्रण. साळिंदर कुंपणाखालून येते, वानर वरून. त्यावर रामबाण उपाय सांगणारे बरेच भेटतात. त्यांची स्वतःची बाग बहुधा गच्चीवर असते.

उन्हाळ्यात बाष्पीभवनाने दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडते, म्हणजे मार्च ते मेअखेर दोन फूट. बागेचा उपसा वेगळा. बोअरच्या भरवशावर राहू नये, तीही त्याच महिन्यांत आटते. होळीपासून मोठे मासे काढायला लागावे आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत तळे मोकळे करावे. म्हणजे कुणाच्या खाचरात जायला मासाच उरत नाही. तळाचा गाळ वाफ्यांवर पसरावा, अस्तराला पडलेली भोके बुजवावीत, खेकड्यांची बिळे दगड-मातीने ठोकून घ्यावीत. तळ्यात मासे ठेवायचेच असतील तर सांडव्याच्या दोन्ही जाळ्या रोहिणीत एकदा काढून धुवाव्यात आणि झड लागली की दिवसातून तीनदा हाताने साफ कराव्यात. हे काम खालच्या शेजाऱ्यावर सोपवू नये.