उरलेल्या विजेवरचा प्रवास

पुणे-नाशिक महामार्गाचा भोसरी ते चाकण हा तुकडा ज्यांच्या नित्याच्या वहिवाटीचा आहे, त्यांची अंतर किलोमीटरमध्ये सांगण्याची सवय केव्हाच सुटलेली असते. मोशी किती वाजता ओलांडली, तळेगाव चौकात किती वेळ गेला आणि कंपनीच्या फाटकावर हजेरी वेळेत लागली की नाही, याच मापाने येथला प्रवास मोजला जातो. चार्जिंग बंद पडलेल्या मोटारसायकलचा विचार करतानाही हेच माप हाती धरावे लागते, कारण बॅटरीला किलोमीटर कळत नाहीत, तिला फक्त तास कळतात.

माझी उमेदीची वर्षे कारखान्याच्या स्टोअर्स खात्यात जमाखर्चाच्या वह्या सांभाळण्यात गेली, म्हणून गाडीतील विजेचा व्यवहारही मला त्याच भाषेत उमगतो. इंजिनाबरोबर फिरणारे चुंबक आणि त्याच्या आतली तांब्याच्या तारेची कॉइल ही जमेची बाजू. तिच्यातून निघणारी उलटसुलट वीज एकदिश करून तिला मर्यादेत ठेवणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर, ज्याला गॅरेजात नुसते ‘आरआर युनिट’ म्हणतात, तो जणू खजिनदार. हेडलाइट, ठिणगी, इंधनाचा पंप, हॉर्न ही खर्चाची खाती. आणि बॅटरी म्हणजे केवळ शिल्लक. जमा थांबली तरी शिल्लक असेतोवर व्यवहार सुरळीत चालल्याचा भास होतो, आणि या बिघाडाचा सारा धोका त्या भासातच आहे.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी सेल मारताना माझी गाडी कण्हू लागली, तेव्हा घराजवळच्या मेकॅनिकने मीटर न लावताच निकाल दिला, “काका, बॅटरी बसली. नवीन टाकू, विषय संपला.” नवी बॅटरी बसवताच गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि निदान अचूक ठरल्याचे समाधान उभयपक्षी लाभले. गाडी कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. कॉइल, रेक्टिफायर आणि कपलर यांची ही व्यवस्था थोड्याफार फरकाने सर्वांचीच आहे.

पुढे दुसऱ्या पाळीवरून महाळुंग्याहून परतताना, मध्यरात्र जवळ आलेली आणि बारीक पाऊस लागलेला असताना, तळेगाव चौकातल्या कोंडीत गाडीच्या मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा उगाचच लागला. ब्रेकमध्ये काही दोष नव्हता. व्होल्ट घसरले की एबीएसचा नियंत्रक स्वतःला बाजूला काढून तशी वर्दी देतो, हे मला नंतर समजले. इंडिकेटरची उघडझाप मंदावली, हॉर्नला घसा बसल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि निरोगी गाडीत अॅक्सिलरेटर पिळताच जो हेडलाइट किंचित उजळायचा, तो कुरुळी मागे पडेपर्यंत पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तांबूस होत गेला. चिंबळी फाट्याच्या अलीकडे डिजिटल मीटरचे आकडे एकदम पुसले जाऊन पुन्हा शून्यापासून उमटले, इंजिनाने दोनतीन आचके दिले, आणि गाडी, पुढचे-मागचे दिवे आणि मी असे सर्वच त्या काळोखात एकाच क्षणी थांबलो.

त्या रस्त्याच्या कडेला रात्री ट्रेलर उभे असतात, त्यांतले काही दिव्यांवाचून. आणि मधल्या अरुंद पट्टीतून चालते ट्रेलर वेगाने येतात. गाडी ढकलत असताना एक कंटेनर इतक्या जवळून गेला की चाकाने उडवलेले पाणी कमरेपर्यंत आले आणि चालकाचा हॉर्न तो पुढे निघून गेल्यावर ऐकू आला. त्याला दोष कसा देणार? मागचा तांबडा दिवा विझलेला, अंगावरचा रेनकोट काळा. त्याच्या लेखी मी रस्त्यावर नव्हतोच. आमच्याच पाळीतल्या दोन पोरांनी थांबून धक्का मारून पाहिला, पण इंजिनाने दाद दिली नाही. शेवटी एका वजनकाट्यावरचा रखवालदार विजेरी घेऊन पुढे आला आणि म्हणाला, “आधी गाडी आत घ्या काका, रस्त्यावर नको. बाकीचं सकाळी.” त्या रात्री मिळालेला सर्वांत शहाणा सल्ला हाच होता.

धक्का का लागू पडला नाही, याचे उत्तर गाड्यांच्या बदललेल्या रचनेत आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या, आमच्या आकुर्डीच्या चेतक स्कूटरच्या जुन्या मॉडेलांत ठिणगी थेट मॅग्नेटोकडून मिळे, बॅटरीचे तिला सोयरसुतक नसे. दिवा इंजिनाच्या गतीबरोबर मंद-तेज होई, पण बॅटरीअभावी स्कूटर अडून बसत नसे. जुन्या बुलेटला बॅटरी लागे, परंतु हेडलाइटच्या खोबणीत बसवलेल्या अँपिअरमापकाची सुई वजा बाजूला झुकलेली दिसताच स्वार सावध होई. असा स्वस्त आणि प्रामाणिक काटा नव्या गाड्यांतून का हद्दपार झाला, हे मला अद्याप कळलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंधन इंजेक्शन आले; त्यातील पंपाला आणि नियंत्रकाला आधी वीज मिळाली तरच पेट्रोल इंजिनापर्यंत पोचते, म्हणून पार उतरलेल्या बॅटरीची अशी गाडी उतारावर सोडली तरी चालू होईलच याचा भरवसा नाही.

आता शिल्लकेचा हिशेब. बॅटरीवर ९ अँपिअर-तास लिहिलेले असेल आणि हेडलाइट ५५ वॅटचा असेल, तर तो एकटाच साडेचार अँपिअर ओढतो. मागचा दिवा, ठिणगी, पंप आणि नियंत्रक मिळून जवळपास तितकाच खर्च आणखी धरावा. कागदावर हा एक तास झाला. परंतु वीज इतक्या घाईने उपसली की बॅटरी आपल्या अंगावर लिहिलेला आकडा पुरा करीत नाही, आणि इंजिन तर ती रिकामी होण्याच्या बरेच आधी बंद पडते, तेव्हा अर्धा तासच हाती आहे असे समजून चालावे. एलईडी दिव्याच्या गाडीला काही अधिक मुदत मिळेल. मोकळ्या रस्त्यावर एवढ्या वेळात भोसरी गाठता येईल, पण तळेगाव चौकात अडकलेल्या माणसाला तेवढ्यात कुरुळीसुद्धा दिसायची नाही. म्हणून चार्जिंग गेल्याची शंका येताच ‘घरापर्यंत पोचेन का’ हा विचार सोडून ‘थांबायचे तर कोठे थांबू’ याची तजवीज करावी: पेट्रोल पंप, कंपनीचे फाटक, वजनकाटा, जेथे उजेड आहे आणि माणूस जागा आहे अशी कोणतीही जागा. तेथवर इंजिन बंद करू नये, कारण पुन्हा सेल मारण्यात शिल्लकेचा मोठा घास जातो. सिग्नलला ब्रेक दाबून उभे राहू नये, २१ वॅटचा ब्रेकलाइट पावणेदोन अँपिअर खातो. मोबाइलचा चार्जर काढून ठेवावा.

दिवा विझवून वीज वाचवण्याची युक्ती अनेकजण सांगतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनाबरोबर आपोआप लागणारा हेडलाइट सक्तीचा झाल्याने बटणाने तो बंद करण्याची मुभा उरलेली नाही, म्हणून मग त्याचा कपलर उपटण्याची कल्पना निघते. भर दुपारी, गॅरेज दृष्टिपथात असताना, निरुपाय म्हणून ते एकवेळ क्षम्य मानू. रात्री मात्र मुळीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमावली, १९८९ मधील नियम १०५ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून दिवे लावण्यास फर्मावतो आणि पुढील १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसावीत अशी अपेक्षा ठेवतो. पण कायद्याचे कलम बाजूला ठेवले तरी, चिंबळीच्या त्या कंटेनरने मला हे जितके समजावले तितके कोणत्याही नियमावलीला समजावता आले नसते. मागच्या मडगार्डवर आणि हेल्मेटच्या पाठीवर परावर्तक पट्टी चिकटवावी. तिला वीज लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भोसरीतील एका वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियनने सीटखालचा एक कपलर उघडून माझ्यापुढे धरला. कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींपैकी एकीचे टोक काळे पडलेले, दुसरीच्या भोवतीचे प्लॅस्टिक वितळून ओघळलेले, आणि नाकाजवळ नेताच जळकट वास. एक वायर आधीच निकामी झालेली, म्हणजे जमा अपुरी. मोकळ्या रस्त्यावर ती कशीबशी पुरत असे, कोंडीत मंद गतीवर तुटीचा कारभार चाले, आणि नवी बॅटरी ती तूट गुमानपणे भरून काढत राहिली. दुसऱ्या वायरीने त्या रात्री हात टेकले. कपलरमध्ये शिरलेले पाणी हे त्यांच्या मते निमित्त होते. खंडेनवमीला आमच्याकडे साऱ्या गाड्या पाण्याच्या फवाऱ्याखाली धरल्या जातात. झेंडूच्या माळेस माझी हरकत नाही, फवारा मात्र सीटखालच्या जोडांवर रोखू नये.

त्यांची तपासणीची रीत कोणालाही जमण्याजोगी आहे. बंद गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. इंजिन चालू करून चार-पाच हजार फेऱ्यांवर नेले की आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढून स्थिर राहिला पाहिजे. तो बारापाशीच घुटमळला, तर बॅटरी बदलून काही साधणार नाही. उलट पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळत आहे असे समजावे. जमा कमी आढळल्यास पिवळ्या वायरी सुट्या करून, मीटर एसीवर ठेवून, त्यांच्या तिन्ही जोड्यांत व्होल्ट सारखे येतात का आणि गतीबरोबर वाढतात का ते पाहावे, तसेच एखादी वायर अर्थला लागली नाही ना याचीही खातरी करावी. तेथे सारे ठीक निघाले तर संशय आरआर युनिटवर. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतेय का’ हे पाहण्याची गॅरेजांतली जुनी खोड नव्या गाडीच्या नियंत्रकाला भोवू शकते, ती कोणी करू लागल्यास सरळ नको म्हणावे.

पार उतरलेली बॅटरी तशीच पडू दिल्यास तिच्या पट्ट्यांवर गंधकाम्लाचा क्षार घट्ट बसतो, म्हणून शक्य तर त्याच दिवशी ती चार्जिंगला लावावी, तीही तिच्या क्षमतेच्या एकदशांश प्रवाहाने, सावकाश. आणि दुरुस्तीचे पैसे चुकते करण्यापूर्वी मीटर आपल्यासमोर लावायला सांगून दुरुस्तीनंतरचा व्होल्टचा आकडा बिलावरच लिहून घ्यावा. भोसरीच्या त्या गृहस्थांनी न सांगताच तो लिहिला, १४.१, आणि खाली तारीख.